बाळाचे नाव गोन्सालो ठेवावे का?



मागच्या महिन्यात एका रविवारी मिस्सा झाल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब मला भेटायला आले. नवरा-बायको, कडेवर तीन महिन्यांचे बाळ आणि सोबत बाळाची आजी. स्नानसंस्काराची तारीख ठरवायची होती. मी नोंदवही उघडली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "बाळाचे नाव काय ठेवायचे?" खोलीत एकदम शांतता पसरली.

"गोन्सालो," सून हळूच म्हणाली.

आजी लगेच बोलल्या, "आवं फादर, ह्ये कसलं नाव म्हणावं? माझ्या तोंडात बसंना. गल्लीतली लेकरं चिडवतेत की त्याला. आनंद म्हणा, न्हाईतर सरळ पेत्र म्हणा, पौल म्हणा."

सून वसईची. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "फादर, ते माझ्या माहेरचे संत आहेत. आपल्या देशात जन्मलेले पहिले संत. मी काही परक्याचं नाव मागत नाही." बाळाचे वडील मात्र आई आणि बायको यांच्या मध्ये बसून खाली मान घालून होते.

मी त्या दिवशी निकाल दिला नाही. म्हटले, "आठवडाभर थांबा आणि एका प्रश्नाचे उत्तर घेऊन या. हा मुलगा सात-आठ वर्षांचा झाला आणि त्याने विचारले, माझ्या नावाचा अर्थ काय, तर तुम्ही त्याला काय सांगाल?" त्यांना अभ्यास दिला तसा तो मलाही करावा लागला. त्या कुटुंबाच्या परवानगीने तो अभ्यास आज आपल्यापुढे ठेवत आहे. कारण हा प्रश्न एकाच घराचा नाही. दर वर्षी स्नानसंस्काराच्या वेळी तो कोणत्या ना कोणत्या घरात उभा राहतोच.

१. नावाचे मूळ

गोन्सालो हे मुळात स्पेन आणि पोर्तुगाल या देशांतले पुरुषाचे नाव. स्पेनमध्ये त्याचा उच्चार 'गोन्थालो' असा होतो, दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश बोलणारे 'गोन्सालो' म्हणतात, तर पोर्तुगीज लोक शेवटी 'लु' म्हणतात. आजही त्या देशांत हे नाव सर्रास ठेवले जाते. आपल्याकडे गणेश किंवा संतोष म्हटल्यावर कुणी मान वळवून पाहत नाही, तसेच तिकडे गोन्सालोचे आहे.

पण हे नाव मूळचे स्पॅनिशही नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात रोमन साम्राज्य खिळखिळे झाले तेव्हा उत्तरेकडून आलेल्या व्हिसिगॉथ नावाच्या जर्मन वंशाच्या टोळ्या स्पेनमध्ये शिरल्या आणि पुढे ७११ सालापर्यंत तिथे त्यांचे राज्य होते. हे लोक लढवय्ये, म्हणून त्यांची नावेही लढवय्यी. रॉड्रिगो म्हणजे कीर्ती आणि सत्ता असलेला. गोन्सालोचे जुन्या लॅटिन कागदपत्रांतले रूप 'गुंदिसाल्वुस' असे आहे. त्यातील 'गुंद' म्हणजे युद्ध. पुढच्या भागाला लिहिणाऱ्यांनी 'साल्वुस' असे लॅटिन रूप दिले, आणि लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ सुरक्षित, सुखरूप. म्हणून 'लढाईतून सुखरूप राहिलेला' असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. आपल्याकडच्या रणजित किंवा रणधीर या नावांच्या जवळचे हे नाव आहे.

म्हणजे आजींच्या प्रश्नाचे कोशातले उत्तर झाले : गोन्सालो म्हणजे रणातला माणूस. पण एवढ्यावर आपण थांबणार नाही.

२. नावातून आडनाव

गोन्सालो हे नाव आपल्याला अनोळखी वाटते, परंतु ते रोज आपल्या कानावर पडत असते. गोन्साल्विस हे आडनाव कोणी ऐकले नाही? वसईत, मुंबईत, गोव्यात आणि मंगळूरला या आडनावाची असंख्य घरे आहेत. गोन्साल्विस म्हणजे 'गोन्सालोचा मुलगा'.

जुन्या स्पेन-पोर्तुगालमध्ये वडिलांच्या नावाला 'एझ' किंवा 'एस' असा प्रत्यय लावून मुलाची ओळख सांगत. फर्नांडोचा मुलगा तो फर्नांडिस, रॉड्रिगोचा तो रॉड्रिग्ज, आल्वारोचा तो आल्वारिस, लोपोचा तो लोपीस. दहाव्या शतकात स्पेनच्या कास्तिल प्रांतात एक प्रसिद्ध सरदार होऊन गेला. त्याचे नाव फर्नान गोन्सालेस, आणि त्याच्या वडिलांचे नाव गोन्सालो फर्नांडेस! बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले. पुढच्या काळात ही आडनावे पिढ्यानपिढ्या कायम झाली. आपण मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, त्यातही हाच विचार आहे : हा कोणाचा, हे जगाला कळावे.

ही नावे आपल्या किनाऱ्यावर कशी आली हेही सांगितले पाहिजे. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकेपर्यंत तो मुलूख पोर्तुगीजांकडे होता. त्या काळात ज्यांनी श्रद्धा स्वीकारली त्यांना स्नानसंस्काराच्या वेळी पोर्तुगीज नावे मिळाली, आणि आडनाव पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे मिळाले. आपल्या मराठवाड्यात श्रद्धा आली ती निराळ्या काळात आणि निराळ्या वाटेने, म्हणून आपली आडनावे गायकवाड, साळवे, जाधव अशीच राहिली. वसईच्या सुनेचे माहेरचे आडनाव आणि माहूरच्या सासूचे आडनाव वेगळे वाटते ते यामुळे. दोघींची श्रद्धा एकच आहे, आणि दोघींच्या घरांत बोलली जाते ती मराठीच.

याचे मोठे उदाहरण आपल्याच मराठवाड्यात घडले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नाव आणि आडनाव दोन्ही युरोपातून आलेली, आणि माणूस मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर. फादर २०२४ साली प्रभूकडे गेले. त्यांचे नाव परके, म्हणून त्यांची मराठी परकी, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

३. वसईचा गोन्सालो

आता ज्यांच्यामुळे हे नाव आपल्या देशात वंदनीय झाले त्यांच्याकडे वळू. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईला झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, याच मातीतली. गार्सिया हे आडनावही एके काळी पहिले नाव होते. स्पेनच्या नावार प्रांतात गार्सिया नावाचे राजे होऊन गेले आहेत.

गोन्सालो किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच त्यांच्याबरोबर तो जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी चांगली आत्मसात केली की धर्मशिक्षक म्हणून तो जपानी लोकांमध्ये सहज वावरू लागला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची फार इच्छा होती. पण ती पूर्ण झाली नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी असा नकार अनुभवला असेल. मनापासून मागावे आणि दार उघडू नये, याचे दुःख मोठे असते. गोन्सालो तिथून निघाला, व्यापारात पडला आणि त्यात त्याचा चांगला जमही बसला. पण मन रमेना. शेवटी फिलिपिन्समधील मनिला शहरात तो फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाला. तो धर्मगुरू कधीच झाला नाही. आयुष्यभर तो 'ब्रदर' होता.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे आपले दूत पाठवले. त्यांचे प्रमुख होते फादर पेद्रो बाप्तिस्ता. पण फादरांना जपानी येत नव्हती आणि हिदेयोशीला स्पॅनिश येत नव्हती. मग बोलणार कसे? ते काम वसईच्या ब्रदर गोन्सालोकडे आले. एका बाजूला शस्त्रधारी राज्यकर्ता, दुसऱ्या बाजूला परक्या राज्याचे दूत, आणि मधे हा दुभाष्या. एक शब्द चुकला तर प्राणाशी गाठ. पुढे फ्रान्सिस्कन बंधूंना क्योतो शहरात राहण्याची मुभा मिळाली. तिथे त्यांनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसह गोरगरीब आजाऱ्यांसाठी रुग्णालये चालवली. वसईचा दुभाष्या आता रोग्यांचे दुःख ऐकू लागला.

तीन वर्षांनी वारे फिरले. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातील मालावरून वाद झाला. आधी मिशनरी येतात आणि मागोमाग सैन्य येते, असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला आणि त्याने क्योतो व ओसाका इथल्या फ्रान्सिस्कन बंधूंना व त्यांच्या सोबत्यांना पकडण्याचा हुकूम दिला. जानेवारी १५९७च्या सुरुवातीला क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला, गावागावातून त्यांची धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. निघाले तेव्हा ते चोवीस होते. त्यांची सेवा करायला वाटेने बरोबर चाललेल्या दोघांनाही पकडले, म्हणून सव्वीस झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकून मारण्यात आले. त्यांत वीस जपानी होते, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा. लुई इबाराकी नावाचा एक मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. आपल्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांच्या वयाचा.

१६२७ साली या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्या माणसाला संतपद मिळाले ते तेव्हा प्रथम. आज वसईत गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे आणि वसईतल्या एका महाविद्यालयालाही त्यांचे नाव दिले आहे. सर्व ख्रिस्तसभा संत पौल मिकी आणि सोबत्यांच्या स्मृतिदिनी, ६ फेब्रुवारीला, त्यांचे स्मरण करते.

बंधूभगिनींनो, आता नावाचा अर्थ पुन्हा आठवा. लढाईतून सुखरूप राहिलेला! ज्याने कधी शस्त्र धरले नाही, ज्याचे काम दोन अनोळखी माणसांचे बोलणे एकमेकांना समजावून सांगणे हे होते, आणि जो भाल्याच्या टोकावर संपला, त्याचे नाव गोन्सालो. कोशातला अर्थ आणि आयुष्यातला अर्थ समोरासमोर ठेवले तर कोणता खरा म्हणावा?

४. नाव मोठे की माणूस?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला प्लेटोचा 'क्राटिलस' नावाचा संवाद होता. त्यात दोघे वाद घालतात. एक म्हणतो, प्रत्येक वस्तूचे एक खरे नाव असते, ते तिच्या स्वभावातूनच येते. दुसरा म्हणतो, तसे काही नाही. लोकांनी मिळून ठरवले ते नाव. सॉक्रेटिस दोघांचेही ऐकून घेतो, दोघांनाही प्रश्न विचारून हैराण करतो आणि शेवटी सुचवतो की वस्तू ओळखायची असेल तर नावाकडे न पाहता वस्तूकडेच पाहावे. त्या वेळी हा वाद मला रिकामटेकड्यांचा वाटला होता. नोंदवही घेऊन बसल्यावर कळले की हा वाद घराघरात चालू आहे. आजी म्हणतात, नाव आपल्या मातीतले हवे. सून म्हणते, नाव संताचे हवे. सॉक्रेटिस म्हणतो, माणसाकडे पाहा.

पवित्र शास्त्र काय दाखवते? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल अनेकांचा नावानिशी उल्लेख करतो. त्यात फिबी आहे, हर्मेस आहे, नेरेउस आहे. ही तर ग्रीक देवदेवतांची नावे! फिबी हे अर्तमी देवीचे विशेषण, हर्मेस हा ग्रीकांचा देव, नेरेउस हा समुद्राचा देव. तरीही पौलाने त्यांना नावे बदलायला लावली नाहीत. उलट त्याच नावांनी त्यांना प्रभूमध्ये ओळखले. पुढच्या काळातही असेच घडले. मार्टिन हे नाव रोमन युद्धदेव मार्स याच्यावरून आले, पण आज मार्टिन म्हटले की आपला अर्धा झगा भिकाऱ्याला देणारा संत आठवतो. स्पेनमधले शेतकऱ्यांचे संत इसिद्रो हे शेतात राबणारे साधे मजूर. त्यांच्या नावाचे मूळ 'इसिस देवीचे दान' असे आहे. इसिस ही प्राचीन इजिप्तची देवी. ख्रिस्तसभेने १६२२ साली त्यांना संत म्हणून घोषित करताना नाव बदलून घेतले नाही. संताने नाव पवित्र केले.

याची दुसरी बाजूही आहे. काही नावे एका भाषेतून दुसरीत जाताना आपला अर्थ बरोबर घेऊन जातात. दक्षिणेत नीलकंठ पिल्लै नावाच्या गृहस्थांनी १७४५ साली स्नानसंस्कार घेतला. त्यांना लाजारस हे नाव देण्यात आले. लाजारस म्हणजे ज्याला देवाने साहाय्य केले तो. आपल्या भाषेत ते नाव झाले देवसहायम. १७५२ साली श्रद्धेसाठी त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले आणि १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. इब्री नावाचा अर्थ, भारतीय भाषेतले रूप आणि वैश्विक ख्रिस्तसभेचा संत!

असेच आणखी एक नाव. संत अगस्तीन यांच्या मुलाचे नाव अदेओदातुस होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ देवाने दिलेला. बापलेकांनी ३८७ सालच्या पास्खाला मिलान शहरात संत अँब्रोज यांच्या हातून एकत्र स्नानसंस्कार घेतला. अदेओदातुस म्हणजे आपल्या भाषेत देवदत्त. आपल्या महाराष्ट्राचे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांच्या मुलाचे नावही देवदत्तच होते, आणि टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही आपले नारायण हे नाव बदलले नाही. त्यांच्या श्रद्धेला त्या नावाने काही कमीपणा आला काय?

५. ख्रिस्तसभेचा नियम

पुष्कळ जण विचारतात, "फादर, संताचे नाव ठेवलेच पाहिजे का?" नीट समजून घ्या. १९१७च्या जुन्या धर्मविधीसंहितेत असा नियम होता की मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल याची धर्मगुरूने काळजी घ्यावी, आणि आईवडिलांनी दुसरे नाव ठेवलेच तर त्याला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत घरचे नाव एक आणि चर्चचे नाव दुसरे असे दिसते, त्याचे एक कारण हे आहे.

१९८३ साली आलेल्या आजच्या संहितेत ८५५व्या कलमात एवढेच सांगितले आहे की आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी ख्रिस्ती भावनेला न शोभणारे नाव ठेवले जाऊ नये याची काळजी घ्यावी. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही म्हटले आहे की स्नानसंस्काराचे नाव एखाद्या संताचे असू शकते, तसेच ते ख्रिस्ती श्रद्धेतील रहस्य किंवा सद्गुण सांगणारेही असू शकते. तेव्हा आनंद, आशा, करुणा, शांती, दया ही नावे चालतात का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. आनंद हे तर पवित्र आत्म्याचे फळ आहे. आजींचे म्हणणे चुकीचे नव्हते.

पण संताच्या नावाचा एक लाभ आहे, तो सुनेने बरोबर ओळखला होता. संताचे नाव ठेवले की मुलाला जन्मतःच एक थोरला भाऊ मिळतो. त्याचा सण येतो, त्याची गोष्ट सांगता येते, अडचणीत त्याची मध्यस्थी मागता येते. मात्र ती गोष्ट घरात कोणालाच माहीत नसेल, तर संताचे नावही केवळ आवाज उरतो. आपल्याकडे कितीतरी अँथनी आणि फ्रान्सिस आहेत ज्यांना आपल्या संताचा सण कोणत्या तारखेला येतो हे ठाऊक नाही. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. आम्ही धर्मगुरूंनीही ते सांगायला हवे होते.

६. दोन नावांचे दुखणे

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यापैकी काहींची दोन नावे आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक, स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दुसरे. कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भीतीने असे केले, कोणी लग्न जमावे म्हणून, कोणी सवलतीच्या चिंतेने. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, आणि त्यामुळे गरीब घरांत किती ओढाताण होते हे मला माहीत आहे. मी कोणावर दगड उचलणार नाही. परंतु मुलाला आपले एक नाव लपवायला शिकवले, तर त्याला स्वतःचा एक भाग लपवायला शिकवल्यासारखे होते. ते ओझे लहान खांद्यांना जड असते. एका तरुणाने मला सांगितले होते, "फादर, मिस्सात मला कोणी चर्चच्या नावाने हाक मारली की मी आधी मागे वळून पाहतो, की कॉलेजचा कोणी मित्र तर नाही ना." ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. असे नाव निवडा जे मूल घरात, शाळेत, रेणुकामातेच्या यात्रेच्या गर्दीत आणि चर्चमध्ये एकाच आवाजात सांगू शकेल. ते मराठी असो की इब्री, की स्पॅनिश. आपल्या माहुरात गल्लोगल्ली दत्ता आणि रेणुका आहेत. त्यांना आपल्या नावाचा संकोच वाटत नाही. मग आपल्या लेकरांना का वाटावा? आणि व्यवहाराची एक सूचना : जन्मदाखल्यावर, शाळेत आणि स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नाव एकाच पद्धतीने लिहा. पुढे लग्नाच्या वेळी एका काना-मात्रेच्या फरकासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांना विचारा.

७. पुढे काय झाले

आठवड्यानंतर ते कुटुंब पुन्हा आले. मी संत गोन्सालोंची गोष्ट सांगितली. कान कापल्याचे ऐकून आजींनी पदर डोळ्यांना लावला. बारा वर्षांच्या लुईबद्दल त्यांनी दोनदा विचारले. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "म्हंजी त्यो दुभाष्या व्हता. ह्याचं त्याला अन् त्याचं ह्याला सांगणारा."

"होय आजी."

"मंग आमच्या घरात असलाच एक पायजे," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे पाहून हसल्या. सूनही हसली. बाळाच्या वडिलांनी बऱ्याच दिवसांनी मान वर केली असावी.

नाव ठरले गोन्सालो. आजी त्याला गोनू म्हणणार आहेत, आणि ते मला मान्य आहे. स्पेनमध्येही लोक गोन्सालोला लाडाने गोन्सा म्हणतात. नोंदवहीत, जन्मदाखल्यावर आणि पुढे शाळेत मात्र एकच नाव लागेल. आजींनी एक अट घातली : दर वर्षी ६ फेब्रुवारीला घरात ही गोष्ट सांगायची, आणि ती सुनेने नव्हे, आजींनीच सांगायची!

त्या दिवशी त्यांनी आनंद हे नाव निवडले असते, तरी मी तितक्याच समाधानाने लिहिले असते. फक्त मग आनंदचा अर्थ त्यांना मुलाला सांगावा लागला असता : हा आनंद कोणी दिला, आणि दुःखातही तो कसा टिकतो.

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू सर्वांत आधी आईवडिलांना बाळाचे नाव विचारतो. पाणी नंतर येते, तेल नंतर येते, मेणबत्ती नंतर पेटते. प्रथम नाव. कारण प्रभू माणसांच्या घोळक्याला हाक मारत नाही, एकेकाला हाक मारतो. संदेष्टा यशयाच्या ग्रंथाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना हेच सांगतो. मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटीवर मुलाचे नाव लिहिले आणि त्याची जीभ मोकळी झाली, हे लूकच्या पहिल्या अध्यायात आपण वाचतो. शेजारीपाजारी तेव्हाही म्हणत होते की तुमच्या घराण्यात हे नाव कोणाचे नाही!

घरी विचार करण्यासाठी

१. माझ्या नावाचा अर्थ मला माहीत आहे का? ते कोणी ठेवले आणि का?

२. माझ्या नावाचा संत असेल तर त्याचा सण कधी येतो? माझे नाव सद्गुणाचे असेल तर तो सद्गुण माझ्यात कोणाला दिसतो?

३. माझ्या नावाने हाक मारल्यावर मी कुठे संकोचतो? का?

४. माझ्या घरात, शेजारात एकमेकांशी न बोलणारी दोन माणसे कोण आहेत? मी त्यांचा दुभाष्या होऊ शकतो का?

या आठवड्यात रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत घरातील प्रत्येकाचे पूर्ण नाव मोठ्याने उच्चारा आणि त्याच्यासाठी देवाचे आभार माना. लहान मुले असतील तर त्यांना त्यांच्या नावाची गोष्ट सांगा. गोष्ट ठाऊक नसेल तर मिस्सानंतर मला भेटा, आपण मिळून शोधू. ज्यांच्या घरी स्नानसंस्कार व्हायचा आहे त्यांनी बाळाचा जन्मदाखला घेऊन यावे, आणि धर्ममातापित्यांचे दृढीकरण झाले आहे ना याची आधीच खात्री करून घ्यावी.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा.

प्रभूच्या सेवेत,
आपला धर्मगुरू